घरासाठी आणि बेघरांसाठी झटणाऱ्यांचा पुरस्कार: इंदूरच्या मराठी मंडळांनी तो कसा सुरू करावा

इंदूरच्या मराठी मंडळांना पुरस्कार देण्याची जुनी सवय आहे. नाटक, गायन, कथाकथन, दहावी-बारावीचे गुणवंत, ज्येष्ठ कार्यकर्ते, सगळ्यांसाठी आपल्याकडे शाल-श्रीफळ असते. घरासाठी काम करणारा माणूस मात्र या यादीत क्वचितच दिसतो. वस्तीतल्या शेजाऱ्यांचे पट्ट्याचे, म्हणजे सरकारी जमिनीवरील ताब्याच्या हक्काचे, कागद पिशवीत घालून मंगळवारच्या जनसुनवाईत (तक्रारी ऐकण्याच्या सरकारी बैठकीत) रांगेत उभी राहणारी बाई, सरवटे बस स्टँडवर कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला रैनबसेऱ्यात, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यात, पोहोचवणारा रिक्षावाला, एम.वाय. हॉस्पिटलच्या आवारात झाबुआ-आलीराजपूरहून आलेल्या नातेवाइकांच्या रात्रीची सोय पाहणारा तरुण: असे काम करणाऱ्यांनाही आपल्या मंचावर बोलावले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. रामबाग, तिलकनगर, सुदामानगर, लोकमान्य नगर, कुठल्याही मंडळाला हे जमण्यासारखे आहे. त्यासाठी सोहळ्याच्या आधी वर्षभर काम करण्याची तयारी हवी, आणि हा लेख त्या वर्षभराच्या कामाबद्दल आहे.

आधी आपल्याच शहराची गोष्ट वाचा

समितीच्या पहिल्या बैठकीत फॉर्म, रक्कम, ट्रॉफी यातले काही काढू नका. दोन प्रकल्पांची माहिती वाचा. घरांच्या क्षेत्रातला जगातला एक मोठा सन्मान, आगाखान वास्तुकला पुरस्कार, इंदूरच्या वाट्याला दोनदा आलेला आहे.

पहिला 1995 साली, अरण्य वसाहतीसाठी. इंदूर विकास प्राधिकरणाची ही योजना बाळकृष्ण दोशी यांनी आखली. दोशी जन्माने पुण्याचे. पुढे 2018 साली त्यांना वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. अरण्यमध्ये सुमारे 85 हेक्टर जागेवर साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आखले होते आणि त्यातले बहुतेक कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी होते. कुटुंबाला मिळे तो जोत्याचा भूखंड, त्यावर संडास-न्हाणी, पाणी आणि वीज. बाकीचे घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने, हळूहळू वाढवायचे. कसे वाढवता येईल हे दाखवायला 80 नमुना घरे बांधली होती. ओटा, बाहेरचा जिना, गच्ची हे सगळे त्यात होते, कारण आपल्याकडे घरातले निम्मे जगणे उंबऱ्याबाहेर चालते. आज तिथून चालत गेलात तर मूळ नमुन्यातले फार थोडे ओळखू येईल. घरे वाढली, मजले चढले, काही हातबदलही झाले. वाढता यावे म्हणूनच ती तशी आखली होती.

दुसरा पुरस्कार 1998 साली, झोपडवस्त्यांच्या जाळ्याच्या प्रकल्पाला. अभियंता हिमांशु पारीख यांची कल्पना अशी: गरीब वस्त्या बहुधा नदी-नाल्याकाठी, म्हणजे शहरातल्या सर्वांत सखल जागी असतात. गटार, पावसाळी पाण्याचा निचरा आणि रस्ते या नैसर्गिक उताराने नेले, तर वस्तीही सुधारते आणि त्याच वाहिन्यांनी सगळ्या शहराचे मैलापाणी वाहून नेता येते. सार्वजनिक शौचालयांऐवजी प्रत्येक घराला स्वतःचा संडास द्यायचा. कल्पना मोठी होती आणि तिचे जगभर कौतुक झाले. पण नगररचनेतल्या काही जाणकारांनी नंतर वस्त्यांत जाऊन पाहिले आणि जाहीरपणे लिहिले की अनेक ठिकाणी घरे गटाराला जोडलेलीच नाहीत, वाहिन्या तुंबल्या आहेत आणि कान्ह नदी घाणच वाहते आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आपल्या पुरस्काराचा मुख्य नियम हाती येतो. छप्पर खरोखर उभे आहे का, टिकले आहे का, हे त्या छपराखाली राहणाऱ्याने सांगायचे. अहवाल, नकाशे, उद्घाटनाचे फोटो यांना त्यानंतरचे स्थान.

पुरस्कार कोणासाठी, ते लिहून काढा

घर आणि बेघरपण ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच पुरस्कारात दोन्ही घातली तर दरवर्षी मोठ्या आकड्याचे काम जिंकेल आणि रात्रीचे, एकेका माणसाचे काम मागे पडेल. म्हणून दोन पुरस्कार ठेवा. पैसे एकाचेच असतील तर एक वर्ष एक, दुसऱ्या वर्षी दुसरा.

पहिला, परवडणाऱ्या घरासाठी. यात पट्टे मिळवून देणारे, बचतगटातून घरबांधणीसाठी पैसा उभा करणारे, पंतप्रधान आवास योजनेचे अर्ज शेवटपर्यंत लावून धरणारे, कमी खर्चात टिकाऊ घर बांधणारे गवंडी, अभियंते, वकील असे सगळे येतात. पट्ट्याचे काम आपल्या राज्यात विशेष महत्त्वाचे आहे. शहरी भूमिहीनांना सरकारी जमिनीवरील ताब्याचा हक्क देणारा कायदा मध्य प्रदेशाने 1984 सालीच केला. तेव्हापासून गरिबाच्या हातात पट्टा आहे की नाही, यावर त्याची भिंत पक्की होणार की कच्ची राहणार हे ठरत आले. ज्याला उद्या उठवतील अशी भीती आहे तो विटेवर पैसा घालत नाही.

दुसरा, बेघरांसाठी. बेघर म्हणजे कोण, यासाठी जनगणनेची व्याख्या घ्या: जे इमारतीत किंवा घर म्हणता येईल अशा जागेत राहत नाहीत; रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या उघड्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहतात. 2011 च्या जनगणनेत देशात असे 17.7 लाख लोक मोजले गेले. त्यातले निम्म्याहून जास्त, सुमारे 9.4 लाख, शहरांत होते. हे लोक कोण, याची समितीला नीट कल्पना हवी. मजूर चौकात उभा राहणारा कामगार, हॉटेलात भांडी घासणारा मुलगा, घरातून काढलेली विधवा, मनाचा आजार झालेला आणि गाव विसरलेला माणूस, असे सगळे त्यात येतात. बेघर म्हणजे भिकारी असे समजून चालणारा सदस्य समितीत असेल तर त्याला आधी एक रात्र स्टेशन ते सरवटे स्टँड एवढे पायी फिरवून आणा.

मोठ्या पुरस्कारांनी या क्षेत्रात काय पाहिले, हेही वाचण्यासारखे आहे. 2000 साली जोकिन अर्पुतम यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते स्वतः मुंबईच्या जनता कॉलनीत राहिलेले. वस्तीतल्या लोकांनीच आपली मोजणी करावी, आपल्या घराची मागणी आपणच मांडावी, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनबरोबर काम करणाऱ्या स्पार्क संस्थेच्या शीला पटेल यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली मॅगसेसे मिळालेले डॉ. भरत वाटवाणी यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना कर्जतच्या श्रद्धा केंद्रात आणून, बरे करून, त्यांच्या घरी पोहोचवले. या कामांत बांधलेल्या घरांचा आकडा हीच एक मोजपट्टी कुठे दिसत नाही.

कोणाला द्यायचा नाही, हेही पुरस्काराच्या घटनेत आताच घाला, नंतर संकोच होतो. निवडणूक लढवणारा किंवा पदावर असलेला पार्षद (नगरसेवक) नको. घरे विकणारा बिल्डर त्याच घरांसाठी नको. मंडळाचा मोठा देणगीदार आणि त्याचे नातलग नकोत. अधिकाऱ्याचे काम उत्तम असेल तर त्याची बदली झाल्यावर विचार करा. तोपर्यंत कामही मुरलेले असते आणि मंडळाचेही काही मागणे त्याच्या टेबलावर अडकलेले नसते.

नाव, पैसा, कागद

नावासाठी अहिल्याबाई लगेच सुचतील. धर्मशाळा, घाट, विहिरी बांधणारी राणी हा या विषयाला शोभणाराच संदर्भ आहे. पण विद्यापीठ, विमानतळ आणि कितीतरी सन्मान त्यांच्या नावाने आधीच आहेत. नवा पुरस्कार त्यात हरवेल. कामाचेच नाव द्यावे असे मी सुचवीन: ‘निवारा सन्मान’ किंवा ‘आसरा पुरस्कार’.

पुरस्कार देणारी संस्था नोंदलेली हवी, मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 खाली किंवा सार्वजनिक न्यास म्हणून. पुरस्काराचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. मुदत ठेवीच्या व्याजातून रक्कम देता आली तर उत्तम, कारण दरवर्षी देणगीदार शोधायची वेळ आली की देणगीदाराचा माणूस यादीत शिरतो. कराचे काय, घेणाऱ्यावर काही बोजा पडेल का, हे मंडळाच्या चार्टर्ड अकाउंटंटकडून रक्कम जाहीर करण्याआधी लेखी घ्या. रकमेचा काही भाग पाहणीसाठी राखून ठेवा. मोठी ट्रॉफी केली आणि वस्तीत जायला रिक्षाचे पैसे नाहीत, असे होऊ देऊ नका.

वर्षाचे वेळापत्रक ऋतूंवरून लावा

थंडीत इंदूरचा रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो. रैनबसेऱ्याची खरी परीक्षा तेव्हाच होते. वस्तीची परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये, नाला फुगला की होते. म्हणून नामांकने दिवाळीनंतर लगेच मागवा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या भेटी, फेब्रुवारी ते मे कागदपत्रे आणि मुलाखती, पावसाळ्यात वस्त्यांची पाहणी, सप्टेंबरमध्ये निवड. ऑक्टोबरचा पहिला सोमवार हा संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अधिवास दिन आणि 10 ऑक्टोबर हा जागतिक बेघर दिन. या दोन्हींच्या आसपास सोहळा ठेवता येतो. नवरात्र-दसऱ्याची तारीख मात्र आधी पाहून घ्या.

नामांकन: लिहिता न येणाऱ्यालाही देता आले पाहिजे

जाहिरात फक्त मराठी कार्यक्रमपत्रिकेत दिली तर नामांकने आपल्याच ओळखीतून येतील. काम करणारी माणसे सगळ्या भाषांची आहेत: माळवी, निमाडी, भिली बोलणारी, हिंदी-उर्दू बोलणारी. फॉर्म मराठी आणि हिंदी दोन्हींत छापा, एका पानाचा. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला संदेशही नामांकन म्हणून घ्या. मंडळातल्या कॉलेजच्या मुलांनी तो ऐकून फॉर्मवर उतरवावा आणि नामांकन करणाऱ्याला परत वाचून दाखवावा. फॉर्म रैनबसेरे, अंगणवाड्या, एम.वाय.ची चौकशी खिडकी, मजूर चौकातल्या चहाच्या गुमठ्या, खजराना मंदिराच्या आसपासची दुकाने अशा ठिकाणी ठेवा.

प्रश्न थोडेच, पण नेमके हवेत. हे काम कुठल्या वस्तीत, कुठल्या जागी, कधीपासून चालले आहे? या कामामुळे ज्यांचे राहणे बदलले अशा दोन जणांना आम्ही भेटू शकतो का? काम करताना काय जमले नाही? पैसा कुठून येतो? सोबत आणखी कोण असते? शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व नंतर कळते. पुष्कळदा नाव एका भाऊंचे येते आणि वीस वर्षे कागद सांभाळणारी, बायकांना गोळा करणारी एखादी काकू किंवा दीदी शेवटच्या ओळीत सापडते. असे झाले तर समितीने स्वतःहून नामांकन बदलून दोघांचे करावे.

नियम एकच कडक ठेवा: प्रत्येक नामांकनाला दोन पाठिंबे, त्यातला एक त्या कामाचा लाभ झालेल्या माणसाचा. संस्थेच्या संचालकाचे पत्र आणि पार्षदाचे शिफारसपत्र लाभ झालेल्या माणसाच्या पाठिंब्याची जागा घेऊ शकत नाही.

पाहणी: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

नोव्हेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरी बेघरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कारण राज्यांनी कागदावर दाखवलेले निवारे प्रत्यक्षात किती आणि कसे आहेत हे तपासायचे होते. न्यायालयाला जे करावे लागले ते मंडळाने टाळू नये.

तिघांची तुकडी करा आणि त्यात एक बाई हवीच. रैनबसेऱ्याला न कळवता, रात्री दहानंतर जा. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाचा निकष हातात असू द्या: एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा एक कायम निवारा, तो चोवीस तास उघडा, आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागा. 2011 ला इंदूर सुमारे वीस लाखांचे होते. या हिशेबाने तेव्हाच दोन हजार जणांची सोय लागत होती. आज शहरात किती खाटा आहेत आणि त्यातल्या किती रोज भरतात, हे माहितीच्या अधिकारात निगमकडे (महानगरपालिकेकडे) दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. अर्ज नोव्हेंबरातच टाका म्हणजे भेटींच्या वेळी आकडा हाती असेल.

आत गेल्यावर डोळ्यांनी पाहायच्या गोष्टी: बायकांची खोली वेगळी आहे का आणि तिला आतून कडी आहे का. संडासात पाणी आहे का. गोधड्या, ब्लँकेटे धुतलेली आहेत का. आधार कार्ड नसलेल्याला आत घेतात की दारातून परत पाठवतात; हे रजिस्टरात दिसत नाही, बाहेर फुटपाथवर झोपलेल्या माणसाला विचारावे लागते. तो आत का येत नाही, याची कारणे ऐकून घ्या. सामान चोरीला जाते, बायको-मुलांना वेगळे ठेवतात, सकाळी लवकर उठवतात आणि मजूर चौक दूर पडतो, हातगाडी सोडून येता येत नाही, अशी उत्तरे येऊ शकतात. ज्याच्या कामाने अशा अडचणींतली एखादी सुटली असेल त्याचे पारडे जड माना.

घरांच्या बाबतीत तपास वेगळा. बहुमजली इमारतीत घर मिळाले, पण कुटुंब तिथे राहते का, की भाड्याने देऊन पुन्हा जुन्या वस्तीत आले? आले असेल तर का? घरकाम करणाऱ्या बाईला कामाची घरे दूर पडली असतील, बसचे भाडे परवडले नसेल, लिफ्ट बंद असेल, चौथ्या मजल्यावर पाणी चढत नसेल. केंद्राच्या योजनेत घरामागे दीड लाखाची मदत मिळाली तरी उरलेला वाटा आणि बँकेचा हप्ता कोण भरतो, ते विचारा. कनाडिया भागात 2021 मध्ये पायाभरणी झालेल्या लाइटहाउस प्रकल्पातल्या 1,024 घरांसारखे नव्या तंत्राचे काम पाहायला गेलात, तर भिंतीत खिळा ठोकता येतो का, उन्हाळ्यात आत किती तापते, हे राहणाऱ्या बाईलाच विचारा. तंत्राच्या माहितीपत्रकात हे नसते.

काम कमीत कमी पाच वर्षांचे हवे, असा नियम मी सुचवीन. याला एक अपवाद ठेवा. जानेवारी 2021 मध्ये इंदूरच्या बेघर वृद्धांना निगमच्या गाडीतून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवले जात असताना गावकऱ्यांनी अडवले आणि व्हिडिओ काढला. तो देशभर पाहिला गेला, वृद्धांना परत आणावे लागले आणि अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाई झाली. त्या दिवशीचे त्या गावकऱ्यांचे धाडस पाच वर्षांच्या कुठल्याही अहवालाइतकेच मोलाचे आहे. अशा एका प्रसंगातल्या धैर्यासाठी घटनेत विशेष सन्मानाची सोय असावी.

निवड समिती

पाच जण पुरेत. मंडळाचा एकच प्रतिनिधी, एक नगररचना किंवा बांधकाम जाणणारा, एक वकील किंवा सामाजिक कार्याचा अध्यापक, आणि दोघे असे ज्यांनी स्वतः बेघरपण किंवा वस्तीतले विस्थापन सोसले आहे. या दोघांना मानधन द्या, कारण बैठकीला येणे म्हणजे त्यांचा रोज बुडणे. बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवा. चर्चा हिंदीत होऊ द्या. मराठी मंडळाचा पुरस्कार म्हणून मराठीचा हट्ट नको. पहिल्या वर्षी योग्य माणूस सापडला नाही तर पुरस्कार देऊ नका आणि तसे जाहीर करा.

संमती, फोटो, ओळख

यात घाई केली तर पुरस्काराने नुकसान होते. जानेवारी 2025 पासून इंदूरमध्ये भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा प्रशासनाचा आदेश लागू झाला. अशा वातावरणात रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा चेहरा आणि तो झोपतो ती जागा मंडळाच्या फेसबुकवर टाकणे म्हणजे त्याला तिथून उठवण्याची सोय करणे. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून निवाऱ्यात आलेल्या बाईचा पत्ता फोटोच्या पार्श्वभूमीवरूनही कळू शकतो. म्हणून पाहणीत फोटो फक्त जागेचे: संडास, खाटा, भिंत, गटार. माणसांचे नाहीत. मनाने आजारी माणसाची गोष्ट, त्याने तेव्हा हो म्हटले तरी, नावासह सांगू नका. लहान मुले मंचावर नकोत.

पुरस्कार घेणाऱ्यालाही आधी भेटून विचारा. वस्तीत नाव झाले की काहींना स्थानिक दादा-मंडळींचा त्रास होतो. त्याला जाहीर सन्मान नको असेल तर रक्कम शांतपणे देता येते आणि मंडळाच्या वार्षिक अहवालात कामाचा उल्लेख नावाशिवाय करता येतो.

सोहळा

थोडक्यात आटपा. दीड तास पुरे. पाहुण्यांची भाषणे दोन, बाकी वेळ पुरस्कारार्थीला आणि त्याच्या वस्तीतल्या लोकांना. वस्तीतून येणाऱ्यांसाठी बस किंवा मॅजिक गाडी ठरवा, परतीचीही. त्यांना पहिल्या रांगांत बसवा आणि जेवण सगळ्यांबरोबर एकाच पंगतीत ठेवा. पुरस्कारार्थी आपल्या वकिलाबद्दल, तहसीलमधल्या एखाद्या मदत करणाऱ्या लिपिकाबद्दल बोलला तर त्या व्यक्तीलाही मंचावर बोलवा. मानपत्र मंडळातल्या लिहित्या माणसाकडून, पाहणीच्या टिपणांवरून लिहून घ्या. ‘दीनदुबळ्यांचा कैवारी’ यासारखे शब्द त्यात नकोत. कुठल्या वस्तीत, कुठल्या साली, किती घरांना पट्टा मिळाला, कोण सोबत होते, एवढेच पण अचूक लिहा. हे मानपत्र तो माणूस पुढे बँकेत, निगममध्ये, दुसऱ्या संस्थेकडे दाखवेल. त्याला ते ओळखपत्रासारखे उपयोगी पडले पाहिजे.

पुरस्कारानंतर

मंडळाकडे पैशापेक्षा मोलाची एक गोष्ट असते: माणसे. डॉक्टर, वकील, अभियंते, निवृत्त बँक अधिकारी, शिक्षिका. पुरस्कारासोबत वर्षभरासाठी अशा तिघांची नावे द्या आणि काय करायचे ते पुरस्कारार्थीने ठरवावे. पट्ट्याचे वादग्रस्त कागद तपासणे, समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) आणि आधारमधल्या नावांचा घोळ सोडवणे, निवाऱ्यात पंधरवड्याला एकदा दवाखाना, वस्तीतल्या मुलांची शिकवणी, यातले जे त्याला हवे ते.

वर्ष झाल्यावर पाहणीच्या तुकडीतले दोघे त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत पुन्हा जातील असे आधीच ठरवून ठेवा. तेच प्रश्न, त्याच माणसांना. काही मोडले असेल तर ते लिहा. कोणाच्या चुकीने मोडले हेही लिहा, आणि आपल्याच पुरस्कारार्थीची असली तरी झाकू नका. हे टिपण नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचावे आणि त्यानंतरच त्या वर्षीचे फॉर्म छापायला द्यावेत.